झाकण न उघडताच ‘बोर्ड गेला’ कसं म्हणवतं तुम्हाला?

‘बोर्ड गेलाय. साडेचौदा हजार होतील. डेटाची गॅरंटी नाही.’ काल संध्याकाळी शेजारच्या मुलीला लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात हे ऐकवलं गेलं. पाच मिनिटांत निदान झालं, भाव सांगितला आणि हात वर केले. शुक्रवारी तिचं प्रोजेक्ट सबमिशन आहे. पोरगी रडकुंडीला आलेली. लॅपटॉप घरी आणून उलटा केला तर मागच्या एकूण एक स्क्रूच्या खाचेत धूळ जशीच्या तशी! म्हणजे स्क्रूड्रायव्हर लावलाच नव्हता. बटण दाबलं, डिस्प्ले आला नाही, लिहिलं पावतीवर ‘मदरबोर्ड डेड’, म्हणजे सगळे भाग जोडणारं मुख्य सर्किटच मेलं.

अरे, तो लॅपटॉप स्वतःच सांगत होता काय दुखतंय ते! दिवा दोनदा पिवळा, मग तीनदा पांढरा, जरा थांबून पुन्हा तेच. दोन-तीन. त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं आणि त्यात स्वच्छ लिहिलंय: रॅम, म्हणजे कामापुरती मेमरी, सापडत नाही. दोन-एक असतं तर प्रोसेसर, दोन-दोन असतं तर बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम), दोन-सात असतं तर स्क्रीन. दुसऱ्या कंपन्यांच्या मशीनवर कॅप्स लॉकचा दिवा असाच उघडमीट करतो, कुठे बीप वाजतात. मोजायचे आणि तक्त्यात बघायचं, एवढंच. ज्याचा धंदाच हा आहे त्याला तेवढंही करवत नाही?

आणि काम किती होतं? चार्जर काढायचा, झाकण उघडायचं, सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा. (हा न सोडवता आत हात घालणारे महाभाग वेगळेच. बॅटरी जोडलेली असताना डिस्प्लेची केबल ओढली की बॅकलाइटचा, म्हणजे स्क्रीनमागच्या उजेडाचा, फ्यूज उडू शकतो, आणि मग ते बिल गिऱ्हाइकाच्या माथी.) पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून उरलासुरला चार्ज काढायचा. रॅमच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर ढकलल्या की पट्टी आपोआप तिरकी वर येते. हिच्या रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर बसला होता, एका टोकाला तर हिरवट झाक. चार पावसाळे काढलेत त्या मशीनने इथल्या दमट हवेत, दुसरं काय होणार? ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सोडणारं फडकं, दोनदा हलक्या हाताने पुसलं. नसेल अल्कोहोल तर मऊ पांढरं खोडरबर, जोर न लावता, आणि चुरा स्लॉटमध्ये पडू द्यायचा नाही.

परत बसवताना लोक नेमके चुकतात. पट्टी तिरकीच आत सारायची, सोनेरी भाग जवळजवळ दिसेनासा होईपर्यंत, आणि मग खाली दाबायची. दोन्ही क्लिपांचा ‘टक’ आला पाहिजे. एकीकडचाच आला तर ती अर्धवट बसलीये आणि स्क्रीन पुन्हा काळीच राहणार. दोन रॅम असतील तर एकेक लावून दोन्ही स्लॉटमध्ये बघायची. चार प्रयोग, दहा मिनिटं. आणि रॅम बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना थांबा हो! मेमरी ट्रेनिंग चालू असतं, म्हणजे मशीन रॅमशी जुळवून घेत असतं; डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमवर तर स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. दहाव्या सेकंदाला बटण दाबून बंद करायचं आणि ‘गेला’ म्हणायचं, हे थांबवा.

आला डिस्प्ले. साडेचौदा हजारांचं दुखणं एका बोळ्याने गेलं.

मग दुसरी तऱ्हा. बायोसचा सीआर२०३२ सेल मेलेला, त्यामुळे बॅटरी सोडवताच सगळ्या सेटिंग मूळपदावर गेल्या. सेल तीन व्होल्टचा, पन्नासेक रुपयांचा. पण स्टोरेजचा मोड, म्हणजे मशीन डिस्कशी कसं बोलतं ती पद्धत, एएचसीआयवरून रेडवर (RAID) गेला की विंडोज निळ्या स्क्रीनवर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणून अडतं. मोड पूर्वीचा केला की विंडोज मुकाट्याने उघडतं. दुकानात मात्र याचं उत्तर एकच: ‘विंडोज करप्ट, फॉरमॅट मारावा लागेल.’ का मारावा लागेल? किती जणांचे प्रबंध, लग्नाचे फोटो, हिशेब या एका वाक्यापायी गेले असतील! अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल प्रोसेसरवर तर विंडोज नव्याने टाकताना सेटअपला अनेकदा डिस्कच दिसत नाही, कारण व्हीएमडीचा (इंटेलच्या डिस्क सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा लागतो. तेवढं माहीत नसलं की ‘एसएसडी पण गेली’ म्हणून नवी गळ्यात मारतात.

आणि बिटलॉकर, विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप! मायक्रोसॉफ्टवरही राग आहेच. विंडोज ११ च्या २४एच२ या २०२४ च्या अपडेटपासून नव्या इन्स्टॉलवर, होम आवृत्तीतसुद्धा, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. घरोघरी कुणाला पत्ताही नसतो. बायोस रीसेट झाला किंवा बोर्ड बदलला की विंडोज थेट ४८ अंकी किल्ली मागतं. किल्ली असते, मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये. मोबाइलवरून लॉगिन करायचं, स्क्रीनवरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवायची. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या एका अपडेटने ८५ लाख विंडोज मशीन पाडली, आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. तेव्हाही उपाय फॉरमॅट नव्हता. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल उडवायची होती, आणि जिथे बिटलॉकर होतं तिथे आधी तेच ४८ अंक.

बोर्ड जातच नाहीत असं नाही. रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असेल तर पुसायला काही उरतच नाही, आणि असली मशीन बनवणाऱ्यांवर माझा राग वेगळा आहे. पण बोर्डातही अनेकदा मॉस्फेट किंवा कपॅसिटर असा एखादा छोटा भागच शॉर्ट झालेला असतो, तेवढाच बदलता येतो. म्हणून यापुढे ‘बोर्ड गेला’ म्हणणाऱ्याकडून पावतीवर लिहून घ्या: चार्जरची १९ व्होल्टची लाइन बोर्डावर येतेय का, कुठे शॉर्ट आहे, ३.३ आणि ५ व्होल्ट तयार होतायत का, रॅम काढून-बदलून बघितली का. मल्टिमीटर न लावता बोर्ड मेला असं कुणी सांगत असेल तर लॅपटॉप उचला आणि तिथून निघा. डेटा तुमचा आहे.