नारिंगी जाकीट

गेल्या शनिवारी सकाळी इथे अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. ट्रेलच्या, म्हणजे रानातल्या पायवाटेच्या, तोंडाशी उभा असलेला एक उंच कृष्णवर्णीय माणूस, गळ्यात दुर्बीण, अंगात झगझगीत नारिंगी जाकीट. खाली लिहिलं होतं, "हा माणूस वीस मिनिटं घरांकडे दुर्बिणीने बघतोय. कुणाच्या ओळखीचा आहे का? पोलिसांना कळवायचं का?"

फोटो टाकणारे आपलेच, मराठी. दिवाळीला त्यांच्या घरचं फराळाचं ताट आमच्याकडे येतं, आमचं त्यांच्याकडे जातं.

तो माणूस माझा पाहुणा होता. ऑफिसात गेली नऊ वर्षं आम्ही शेजारी बसतो आणि दोघांनाही पक्ष्यांचा नाद आहे. मागच्या ओढ्याकाठी एक वठलेलं ओकचं झाड आहे, त्यावर लाल डोक्याचा सुतारपक्षी येतो, म्हणून मीच त्याला बोलावलं होतं. तो वेळेआधी पोचला. मी थर्मासमध्ये चहा भरत होते. फोटो पाहिला आणि पायात मिळेल ती चप्पल सरकवून धावत गेले. तो शांतपणे झाडाकडे बघत उभा होता. आपला फोटो चाळीस घरांत पोचलाय याचा त्याला पत्ताच नव्हता.

पोलिसांना फोन गेला नाही. पण "कळवा" असं दोघांनी लिहिलं होतं.

आता त्या जाकिटाबद्दल सांगते. जॉर्जियात शिकारीच्या हंगामात लोक असलं जाकीट घालतात, चुकून गोळी लागू नये म्हणून. हा मात्र बारा महिने घालतो. कारण मी खूप आधी विचारलं होतं. तो म्हणाला, "मी लांबूनच दिसलेलो बरा. झाडाआडून एकदम समोर आलो की लोक दचकतात, आणि दचकलेल्या माणसाच्या हातात काय असेल सांगता येत नाही." दुर्बीण तो कायम जाकिटावर ठेवतो, आत कधीच नाही. थंडी कितीही असो, हुडी डोक्यावर ओढत नाही. निघताना बायकोला मेसेज, परत गाडीत बसल्यावर दुसरा मेसेज. दिवस मावळायच्या आत रानातून बाहेर. पावसाळ्यात आपण छत्री घेऊन निघतो तितक्या सवयीने तो हे सगळं करतो, आणि ते ऐकताना मला बोलायला सुचेना.

आपण राहतो त्या फोर्साइथ काउंटीबद्दल, म्हणजे या जिल्ह्याबद्दल, आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? मलाही इथे घर घेऊन सहा वर्षं झाल्यावर कळलं. १९१० च्या जनगणनेत इथे १,०९८ कृष्णवर्णीय होते. शेतं, घरं, चर्च, सगळं होतं त्यांचं. सप्टेंबर १९१२ मध्ये एका गोऱ्या मुलीवर हल्ला झाला, त्यात ती गेली. जमावाने काउंटीचं मुख्य गाव असलेल्या कमिंगच्या तुरुंगात घुसून एका कृष्णवर्णीयाला ठार मारलं आणि चौकात खांबाला लटकावलं. आणखी दोन कोवळ्या पोरांना झटपट खटला चालवून फाशी दिली. मग रात्री घोड्यांवरून टोळ्या फिरल्या, घरांवर गोळ्या झाडल्या, चर्च जाळली. काही आठवड्यांत जवळजवळ सगळी कुटुंबं अंगावरच्या कपड्यांनिशी निघून गेली. पुढे सत्तर-पंचाहत्तर वर्षं ही काउंटी 'फक्त गोऱ्यांची' राहिली. १९८७ च्या जानेवारीत नागरी हक्कांसाठी मोर्चा आला तर त्यावर दगड-बाटल्या पडल्या. पुढच्याच आठवड्यात २० हजार लोक चालत आले, तेव्हा कुठे काही हललं. आपल्यातल्या पुष्कळांचा जन्म तोवर झालेला होता, इतकी ही जवळची गोष्ट आहे.

आणि आपलं लाडकं लेक लेनिअर! दर उन्हाळ्यात डबे, चटया, क्रिकेटची बॅट घेऊन आपण जातो. १९८० च्या जुलैमध्ये अटलांटाचा एक कृष्णवर्णीय अग्निशामक मैत्रिणीच्या कंपनीच्या पिकनिकला तिथेच आला होता. परत निघाला तेव्हा त्याच्या गाडीवर गोळी झाडली गेली, ती त्याच्या मानेत शिरली. वाचला तो. माझा सहकारी तेव्हा चौथीत होता, अटलांटातच. घरी ठरून गेलं, लेनिअरला जायचं नाही. तासाभराच्या अंतरावरचा तलाव त्याने वयाच्या पन्नाशीपर्यंत पाहिला नव्हता.

म्हणून कुणी चहा पिताना म्हणतं ना, "त्या लोकांना निसर्गाची आवडच नसते, ट्रेलवर कधी दिसतात का?", तेव्हा मला गप्प बसवत नाही. (आपल्या गप्पांत त्यांच्यासाठी जो शब्द सर्रास वापरला जातो, तो मी इथे लिहिणार नाही. घरात मुलं ऐकत असतात.) आवडीचा प्रश्न नाही हा. तिथे गेलं की काय होतं ते घराघरांत आईने मुलांना सांगून ठेवलेलं आहे.

हे सगळं जुनं झालं म्हणाल, तर २३ फेब्रुवारी २०२० बघा. याच जॉर्जियात, ब्रन्सविकजवळ, अहमॉड आर्बरी नावाचा २५ वर्षांचा मुलगा भर दुपारी पळायला गेला होता. तिघा गोऱ्यांनी ट्रक घालून पाठलाग केला आणि त्यातल्या एकाने बंदुकीने त्याला ठार मारलं. चोर वाटला म्हणे. दोन महिन्यांहून जास्त काळ अटकही झाली नाही, व्हिडिओ बाहेर आल्यावर झाली. पुढे तिघांना जन्मठेप लागली. सामान्य नागरिकालाही संशयिताला पकडू देणारा १८६३ चा कायदा राज्याने २०२१ मध्ये रद्द केला. पण 'संशय' हा शब्द आपल्या ग्रुपवर अजून तसाच फिरतोय.

आपण त्यातून सुटलोय असंही समजू नका. फेब्रुवारी २०१५ मध्ये शेजारच्या अलाबामात गुजरातहून आलेले ५७ वर्षांचे आजोबा मुलाच्या घराबाहेर सकाळी फिरत होते. शेजाऱ्याने पोलिसांना कळवलं, सडपातळ काळा माणूस आहे, लोकरी टोपी घातलीय. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं, मानेला दुखापत होऊन शरीर अंशतः लुळं पडलं. त्या पोलिसावर दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा ज्युरीचं एकमत झालं नाही, शेवटी न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडलं.

माझे बाबा साताऱ्याहून येतात तेव्हा माकडटोपी आणि मफलर घालून, हात पाठीमागे बांधून, लोकांच्या अंगणातली फुलं न्याहाळत हळूहळू चालतात. मध्येच थांबतात. कुणाचं तरी तुळशीसारखं दिसणारं रोप वाकून बघतात. वीस मिनिटं सहज जातात. त्यांचा फोटो आजवर कुठल्या ग्रुपवर आला नाही, आणि यावा असं मला कुणाच्याही वडिलांबाबत वाटत नाही.

"सावध राहिलं तर काय बिघडलं?" असं त्या दिवशी मला विचारलं गेलं. दहा पावलं चालून "गुड मॉर्निंग, काय दिसतंय?" विचारलं असतं तर त्याने आनंदाने दुर्बीण हातात दिली असती. तो तसाच आहे.

संध्याकाळी शेजाऱ्यांचा फोन आला. मनापासून वाईट वाटलं होतं त्यांना, ते माणूस म्हणून वाईट नाहीत. फोटो त्यांनी काढून टाकला. मी म्हटलं, "दादा, माझी माफी नको. ज्या ग्रुपवर विचारलंत तिथेच लिहा, तो कोण होता आणि काय बघत होता." हो म्हणाले. आज बुधवार आहे, अजून लिहिलेलं नाही. मी रोज ग्रुप उघडून बघते.