खासगीचा खर्च आणि दौलतीचा खर्च

पेशव्यांच्या खर्चावरच्या लेखात त्यांच्या वाड्यावरचा सगळा खर्च एकत्र करून ‘उधळपट्टी’ असा शिक्का मारला आहे, तो काही पटला नाही. खासगी (पेशव्यांच्या घरचा खर्च) आणि दौलत (राज्याचा खर्च) ही दोन खाती वेगळी होती, हेच लेखकाने लक्षात घेतलेलं दिसत नाही.

खरी गंमत हिशेबाच्या पद्धतीत आहे. रोकड पोतनिसाच्या ताब्यात, जमाखर्च फडणिसाकडे आणि वरून तपासायला मुजुमदार. म्हणजे ज्याच्या हाती पैसा, त्याच्या हाती वही नाही! रोजकीर्दीत त्या त्या दिवसाची जमा, खर्च आणि शिल्लक मांडलेली असे. मुदपाकखाना (स्वयंपाकघर), जामदारखाना (कपडे-जवाहीर), पीलखाना (हत्ती), फरासखाना (तंबू-बिछायती) अशा प्रत्येक कारखान्याचा, म्हणजे खात्याचा, कारभार वेगळा. ही अठरा कारखान्यांची विभागणी शिवकाळापासूनची. हत्तीचा चारा आणि देवघरातलं तूप एकाच रकान्यात कोंबून बेरीज केली तर आकडा डोळे दिपवणारच.

आणि कर्जाचं काय? पहिल्या बाजीरावाने आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिलेल्या पत्रांतून सावकारांचा तगादा किती होता ते कळतं. थोरले माधवराव 1772 मध्ये थेऊरला वारले, तेव्हाही शेवटच्या इच्छांमध्ये कर्ज फेडण्याची गोष्ट होतीच. लढाईवरची फौज पोसायची तर पैसा उसनाच आणावा लागे, वाड्यातल्या पंगती त्यामानाने किरकोळ.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मात्र हुजूर दफ्तराची, म्हणजे पेशव्यांच्या मुख्य हिशेब कचेरीची, शिस्त ढासळली. तिथे लेखकाशी वाद नाही.