बेक्शिन्स्कीच्या चित्रांना 'शापित' म्हणणाऱ्यांसाठी

परवा मोठ्या वहिनींनी घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. पोलंडचा चित्रकार झ्जिस्वाफ बेक्शिन्स्की याच्याबद्दल. त्यात सांगितलंय ते असं: हा माणूस छळछावणीत वाढला, नरक बघून आला आणि सैतानाची चित्रं काढत बसला. त्या चित्रांच्या शापाने बायको गेली, मुलाने जीव दिला, शेवटी त्याचाही खून झाला. घाबरून त्याने चित्रं जाळली. आणि हे चित्र ज्या घरात असेल त्या घरात मरण ठरलेलं.

दुपारपर्यंत आईने माझ्या भाचीच्या खोलीतली त्याची प्रिंट उतरवून कपाटामागे सरकवली होती. भाची एकोणीस वर्षांची आहे, चित्रकला शिकते. संध्याकाळी ती जेवायला आली नाही. म्हणून लिहायला बसले.

छळछावणीचं आधी संपवते. बेक्शिन्स्कीचा जन्म २४ फेब्रुवारी १९२९ चा, पोलंडच्या आग्नेय कोपऱ्यातल्या सानोक गावचा. घराणं तिथलं जुनं. पणजोबांनी भागीदारीत उभा केलेला कारखाना पुढे बस बनवू लागला, आणि तरुणपणी बेक्शिन्स्कीने त्याच कारखान्यासाठी बसची डिझाइन्स केली. शिक्षण क्राकुफला, आर्किटेक्चरचं. पहिली नोकरी बांधकामावर देखरेखीची, तिला तो कंटाळला. छावणीत तो कधीच नव्हता.

एवढं मात्र मान्य करावं लागतं की दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो दहा वर्षांचा होता, आणि सानोकमधले ज्यू शेजारी त्या काळात नाहीसे केले गेले. हे पाहिलेल्या मुलाच्या हातून उजाड गावं आणि हाडं उतरली असतील, असं कुणाला वाटलं तर मी भांडणार नाही. पण स्वतः बेक्शिन्स्की चित्रांचे अर्थ सांगायला तयार नसायचा, चित्रांना नावंही द्यायचा नाही. युद्धाची चित्रंच बघायची असतील तर आंजेय व्रुब्लेव्स्कीची बघा. तो बेक्शिन्स्कीहून दोनच वर्षांनी मोठा. १९४१ साली जर्मन सैनिक घराची झडती घेत असताना त्याचे वडील त्याच्यासमोर हृदयविकाराने गेले. १९४९ मध्ये त्याने गोळ्या घालून मारलेल्या माणसांची चित्रमालिका केली. त्यातले मेलेले निळे आहेत. अंगं तुटून उलटीसुलटी जोडल्यासारखी. तो तिशीच्या आत गेला. त्याच्यावर कुणी व्हिडिओ करत नाही, कारण तिथे भूत दाखवता येत नाही, माणसांनी माणसांचं काय केलं ते दाखवावं लागतं.

नरकाची सफर आणि सैतान, यावर फार शब्द घालवत नाही. स्वप्नांचे फोटो काढावेत तशी चित्रं काढायची आहेत, असं बेक्शिन्स्की म्हणायचा. मोठ्या आवाजात पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत लावून तो घरातच काम करायचा, बहुतेक हार्डबोर्डवर, तैलरंगात. नव्वदच्या दशकात तर कॉम्प्युटरवर फोटो जोडून प्रतिमा करू लागला. भेटलेली माणसं सांगतात की तो गप्पिष्ट होता, आणि आपल्या काही चित्रांत गंमत आहे, लोकांना ती दिसत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

आता मुलाबद्दल. याच मुद्द्यावर माझं डोकं फिरलं.

तोमाश बेक्शिन्स्की हा कुणाच्या गोष्टीतला बळी नव्हे. पोलंडमध्ये रात्री रेडिओ ऐकणारी एक अख्खी पिढी त्याला आवाजावरून ओळखायची. माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींच्या विनोदाचं पोलिश भाषांतर त्याने केलं, आणि ते लोकांना पाठ आहे. १९९९ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी त्याने आयुष्य संपवलं, वय एक्केचाळीस. पोलिश पत्रकार मग्दालेना ग्झेबाव्कोव्स्का यांनी बापलेकांचं जोडचरित्र लिहिलंय, २०१४ चं, घरातली पत्रं आणि ओळखीच्यांच्या मुलाखती यांवर उभं केलेलं. तोमाशचा झगडा विशीपासूनचा होता आणि त्याने आधीही प्रयत्न केले होते, हे त्यातून स्वच्छ दिसतं. आई झोफिया सप्टेंबर १९९८ मध्ये आजाराने गेली होती, म्हणजे सव्वाच वर्षापूर्वी. मुलगा गेल्याचं बापाला दुसऱ्या दिवशी कळलं, तो स्वतः त्याच्या घरी गेला तेव्हा.

वहिनी, वर्षानुवर्षं चाललेल्या मनाच्या आजाराला 'चित्रांचा शाप' म्हटलं की काय होतं सांगते. औषध, डॉक्टर, बोलणं, सगळं बाजूला पडतं. भिंतीवरचा कागद काढला की काम झालं असं घरच्यांना वाटतं. आमची भाची मागच्या वर्षी दोन महिने झोपत नव्हती. तेव्हा तिला विचारायचं सोडून सगळे आता त्या प्रिंटकडे बोट दाखवताहेत. 'बघ, म्हणूनच होत होतं तुला.' हे वाक्य एकोणीस वर्षांच्या मुलीला ऐकवलं गेलंय, आपल्याच घरात.

आणि ती प्रिंट कसली आहे, हे तरी कुणी पाहिलं का? दोन हाडकुळी माणसं एकमेकांना मिठी मारून बसलीत. कातडी हाडांना चिकटलेली, बोटं लांबच लांब, आणि ती बोटं समोरच्याच्या पाठीवर घट्ट रुतलीत. डोकी इतकी जवळ की कुणाचं कुठलं कळत नाही. अंगात काही उरलेलं नाही तरी सोडत नाहीत. भाचीने हे निवडलं, ते यासाठी.

खुनाचं सगळं कोर्टात सिद्ध झालंय. २१ फेब्रुवारी २००५, वॉर्सातला फ्लॅट, शहात्तरावा वाढदिवस तीन दिवसांवर. घरकामासाठी वर्षानुवर्षं येणाऱ्या माणसाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाने उसने पैसे मागितले, म्हाताऱ्याने नाही म्हटलं. रक्कम काही शे झ्लॉटी. अंगावर चाकूचे सतरा वार. मुलाला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. पैशासाठी म्हाताऱ्या माणसाला त्याच्या घरात मारलं, अशी बातमी आपल्या पेपरातही येते, तेव्हा त्या घरातल्या कॅलेंडरला कुणी दोष देत नाही.

चित्रं जाळली, हे खरं आहे. १९७७ साली सानोक सोडून वॉर्साला जाताना त्याने काही कामं अंगणात जाळली. काही फार खासगी वाटली, काही मनासारखी उतरली नव्हती. पुढे पंचवीसेक वर्षं तो काम करतच राहिला. घाबरलेला माणूस असं करत नाही.

राहिलं घरात मरण येण्याचं. आपला सगळा ठेवा बेक्शिन्स्कीने सानोकच्या ऐतिहासिक संग्रहालयाला दिला. किल्ल्यात त्याची मोठी गॅलरी आहे, शाळेची मुलंही बघायला येतात. २००६ साली त्याची ५० चित्रं आणि १२० रेखाटनं चेंस्तोहोवा शहराच्या कलादालनात मांडली गेली. चेंस्तोहोवा म्हणजे यास्ना गुराचा मठ, काळ्या मेरीमातेचं स्थान, जिथे पोलंडभरातून लोक पायी येतात. आपल्याकडे पंढरपूर तसं. त्या भाविक गावाला ही चित्रं सैतानाची वाटली नाहीत.

वहिनी, तो व्हिडिओ ग्रुपवरून काढा, आणि जिथे जिथे पाठवला असेल तिथे खोटा होता म्हणून कळवा. प्रिंट मी कपाटामागून काढलीय. एक कोपरा दुमडलाय, तो वहीखाली दाबून ठेवलाय. सरळ झाला की भाची स्वतः लावणार आहे.