बिनसुईचं पेन, भुवयांमधल्या आठ्या आणि एक फॉरवर्ड

'फेसलिफ्टवर लाखो रुपये उधळण्याआधी हे वाचा' अशा मथळ्याचा एक मजकूर गेले काही दिवस फिरतोय. त्यातले दावे असे: फेसलिफ्ट म्हणजे नुसती कातडी ओढून शिवणं. 'हायलुरॉन पेन' मागवलं की घरच्या घरी फिलर, म्हणजे सुरकुत्या भरून काढणारा जेल, भरता येतो, सुईच नाही म्हणजे धोकाही नाही. चुकलंच तर सहा महिन्यांत सगळं आपोआप विरघळतं. रोज फेस योगा केला तर तेवढीही गरज नाही. आणि डॉक्टर हे पैशासाठी लपवतात. एरवी डिलीट करून मोकळी झाले असते, पण भिशीच्या ग्रुपवरून हे मावशीपर्यंत पोचलं आणि तिचा मेसेज आला, "भुवयांमधल्या आठ्यांसाठी मागवू का गं ते पेन?"

नको. आधी पेनचंच बघू, कारण बाकीच्या मुद्द्यांनी फार तर वेळ आणि पैसा जाईल, याने डोळा जाऊ शकतो.

पेनला सुई नसते हे खरं. असते ती स्प्रिंग किंवा दाबलेली हवा. कुपीतला जेल ती बारीक भोकातून इतक्या जोराने ढकलते की तो कातडी भेदूनच आत शिरतो. म्हणजे भोक पडतंच, फक्त ते सुईऐवजी जेल पाडतो. हातात सिरिंज असली की टोक कुठल्या थरात आहे, दट्ट्या किती हळू दाबायचा, हे ठरवता येतं. त्वचा पांढरी पडताना दिसली तर तिथेच थांबता येतं. पेनचा खटका दाबल्यावर जेल किती खोल गेला हे दाबणाऱ्यालाही कळत नाही.

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ऑक्टोबर 2021 मध्ये नेमका याच पेनांबद्दल इशारा दिला. बिनसुईच्या उपकरणाने ओठांत किंवा चेहऱ्यावर फिलर भरू नका, आणि लोकांना थेट विकले जाणारे फिलर विकतही घेऊ नका, असं त्यात स्पष्ट आहे. धोक्यांच्या यादीत गाठी, व्रण, जंतुसंसर्ग, एकच पेन अनेकांनी वापरल्याने पसरणारे आजार आहेतच. शिवाय रक्तवाहिनी बंद पडून त्वचा मरणं, अंधत्व आणि स्ट्रोकही आहे. 'धोका नाही' म्हणणाऱ्याने ही यादी एकदा मोठ्याने वाचावी.

आता मावशीची जागा, म्हणजे दोन भुवयांमधली. फॉरवर्ड म्हणतो, 'जेल वरवरच राहतो, नसांपर्यंत जातच नाही'. चेहऱ्यावर याहून चुकीची जागा निवडता आली नसती. मध्यरेषेपासून साधारण पावणेदोन ते दोन सेंटिमीटरवर सुप्राट्रॉक्लियर धमनी डोळ्याच्या खोबणीतून बाहेर येते, भुवईच्या पातळीला स्नायू भेदते आणि तिथून वर कपाळावर कातडीच्या अगदी खालून जाते. इथे 'वरवर' हीच धमनीची जागा आहे.

या धमनीशी पुण्याचं जुनं नातं आहे. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळ कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवलं होतं आणि 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याची हकीकत छापून आली. कपाळावरून खाली वळवलेली कातडी जगली, कारण भुवयांमधला तिचा देठ कापला नव्हता. आजही कपाळाच्या अशा देठासकट वळवलेल्या कातडीने (फ्लॅपने) नाक करताना सर्जन तोच देठ जपतात, कारण सुप्राट्रॉक्लियरचं रक्त तिथूनच येतं. सबंध नाक पोसण्याइतकी दमदार वाहिनी ज्या जागी आहे, तिथे खटका दाबून जेल सोडा म्हणे.

ही धमनी डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या ऑफ्थॅल्मिक धमनीची फांदी आहे. फिलर तिच्यात दाबाने शिरला तर रक्ताच्या उलट दिशेने मागे जातो. दाब कमी होताच रक्ताचा प्रवाह त्याला पुन्हा पुढे लोटतो, आणि वाटेत डोळ्याच्या पडद्याची धमनी लागते. किती जेल पुरतो? शवविच्छेदनात मोजलंय: भुवयांपासून खोबणीच्या टोकापर्यंत या धमनीची सगळी पोकळी मिळून सरासरी 0.085 मिलिलिटर. एका सिरिंजमध्ये 1 मिलिलिटर असतो. 2015 च्या एका जागतिक आढाव्यात फिलरमुळे दृष्टी गेलेल्या 98 जणांची नोंद आहे, त्यातल्या 38 जणांना याच जागी टोचलं होतं. एकूण 98 पैकी जवळजवळ निम्म्या केसेस जेलच्या नाहीत, रुग्णाच्याच चरबीच्या आहेत. 'स्वतःची चरबी, म्हणून सुरक्षित' हा याच फॉरवर्डचा धाकटा भाऊ, त्यालाही यात उत्तर मिळालं.

डोळ्याच्या पडद्याला रक्ताविना फार तर दीड तास मिळतो. त्वचेला थोडा जास्त, पण लक्षणं ओळखता आली तर. टोचता टोचता पांढरा पडलेला डाग, मग जाळीसारखा जांभळट रंग, दोनेक दिवसांनी पुळ्या. पुळ्या पाहून लोक मुरमाचं मलम लावतात आणि हातातला वेळ घालवतात. बोटाने दाबून सोडलं की रंग दोनेक सेकंदांत परत यायला हवा, जास्त लागला तर तातडीने डॉक्टरकडे. दुखत नाही म्हणजे ठीक, असंही नाही, कारण बऱ्याच फिलरमध्ये भुलीचं लिडोकेन मिसळलेलं असतं. बर्फ लावू नका, त्याने वाहिन्या आणखी आवळतात.

'आपोआप विरघळतं' यात अर्धं सत्य आहे. हायलुरॉनिक ॲसिडचा फिलर (पेनचं नाव यावरूनच) शरीर हळूहळू मोडतं, पण सहा महिने हा काही मुदतीचा शिक्का नाही. एमआरआयमध्ये तो काही वर्षांनीही दिसलेला आहे. बंद पडलेली धमनी तर सहा महिने वाट बघत बसणार नाही. तेव्हा हायलुरॉनिडेज नावाचं एन्झाइम टोचावं लागतं, तेही शेकड्यांनी युनिट, दर तासाला त्वचा बघून पुन्हा. घरात कोणाच्या फ्रिजमध्ये असतं ते? आणि ते फक्त हायलुरॉनिक ॲसिडवर चालतं. कॅल्शियमचा फिलर किंवा सिलिकॉन त्याला दाद देत नाही.

फेसलिफ्ट म्हणजे कातडी ओढणं, हे शंभर वर्षांपूर्वी खरं होतं. तेव्हा निकालही तसेच लागत: रुंद व्रण, खाली ओढलेली कानाची पाळी, वाऱ्यात उभं राहिल्यासारखा चेहरा. कातडी आणि चरबीखाली एक तंतुमय थर आहे, स्मास. 1976 मध्ये मित्झ आणि पेरोनी या फ्रेंच डॉक्टरांनी तो नीट वर्णन केला. आता ताण या थरावर देतात आणि कातडी सैलच शिवतात. आरशासमोर कानाजवळची कातडी दोन बोटांनी मागे ओढून बघा: जबड्याची रेघ सुधारते, पण नाकाशेजारची घडी जेमतेम हलते. मधे गालाला हाडाशी बांधणारे बंध आहेत, ते सोडवल्याशिवाय ओढ पुढे पोचत नाही. चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या फांद्या स्मासच्या खालूनच जातात, म्हणून हे काम करायला माणूस वर्षानुवर्षं शिकतो.

फेस योगा. बरं, इथे थोडं द्यावं लागेल. 2018 मध्ये 'जामा डर्मेटॉलॉजी' या त्वचारोगांच्या नियतकालिकात एक छोटा अभ्यास आला: 20 आठवडे व्यायाम केल्यावर गाल किंचित भरलेले दिसले आणि अंदाजे वय 50.8 वरून 48.1 वर आलं. पण 27 पैकी 16 जणीच शेवटपर्यंत टिकल्या आणि तुलनेला दुसरा गटच नव्हता. लोंबलेली मान त्याने वर जात नाही. आणि फॉरवर्डमधला 'भुवया पन्नास वेळा आवळा' हा व्यायाम तर उलटाच. त्या उभ्या आठ्या पडतात त्याच स्नायूच्या आवळण्याने, बोटॉक्स देतात तो त्याला ढिला करायला.

डॉक्टर पैसे घेतात, हो. काही जास्तच घेतात. म्हणून मावशी, जायचंच असेल तर प्लॅस्टिक सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञ आहेत का ते आधी बघ. सिरिंजचं सीलबंद खोकं तुझ्यासमोर फोडायला सांग आणि बॅच नंबरचं स्टिकर फाईलला लावून घे. हायलुरॉनिडेज याच खोलीत आहे का, आणि नजर गेली तर कुठल्या डोळ्यांच्या हॉस्पिटलला न्यायचं ठरलंय, हेही विचार. उत्तर द्यायला अडखळले तर चपला घालून बाहेर ये.