दुपारी एकचा भाव

कोल्हापुरात रंकाळा स्टँडजवळच्या कोपऱ्यावर सकाळी साडेआठला दीडशे रुपये किलोनं असलेला रोहू मासा दुपारी एकला नव्वदवर येतो. पाटी तीच, मावशी तीच. भाव उतरायची वाट बघत चहाच्या गाड्यावर थांबलेले आम्हीही तेच. त्यात मी पण आलो, उगाच साव कशाला बनू?

"मावशी, कालचा हाय काय?" असं मी कितीतरी वेळा विचारलंय. यंदा उन्हाळ्यात तिनं सुनावलंच. "कालचा न्हाई, रातचा हाय. जाळ्यातच मेलाय. त्याला मी काय करतो?" (आमच्याकडच्या बायका 'करतो'च म्हणतात, पुण्याकडच्यांनी दचकू नये.)

मग चौकशी केली. धरणाच्या पाण्यात जाळं संध्याकाळी लावतात आणि पहाटे काढतात. रात्री नऊला अडकलेला कटला पहाटेपर्यंत मरून कोमट पाण्यात लटकलेला असतो. म्हणजे एसटीत पाटी चढायच्या आधीच मासा मऊ पडायला लागलेला. जाळं कधी काढायचं, बर्फाची लादी सोबत न्यायची का, हे घरातले पुरुष ठरवतात. मच्छीमार संस्थेच्या वहीत किलो लागतात तेही त्यांच्याच नावावर. पण कल्ले फिके का, हा जाब गिऱ्हाईक बाईला विचारतं.

जगातल्या एकूण माशांपैकी सुमारे ३५ टक्के वाया जातात, असं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं म्हटलंय. आकडा ऐकला की डोळ्यांसमोर उकिरडा येतो. पण छोट्या मासेमारीत फेकून द्यायचा मासा त्या मानानं थोडाच असतो. मोठी खोट येते ती दर्जा उतरून भाव पडल्यामुळं. दीडशेचा नव्वदला विकला तर वहीत तो 'विकला गेला' एवढंच दिसतं. वरचे साठ रुपये बाईच्या पदरातून गेले, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? उरलेली बारकी मासळी घरी नेऊन ती मीठ लावून वाळवते. ते काम तर कुणी धंद्यात धरतच नाही, आणि पावसाळ्यात तेवढीही सोय नसते.

सरकारला हे अजिबात कळत नाही असंही नाही. २०२० साली आलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बर्फाची पेटी बसवलेल्या मोटारसायकलला अनुदान आहे. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिलांना ६०. चांगलं आहे. पण वीस टक्के जादा मिळतात म्हणून कागद बायकोच्या नावानं करायचा आणि गाडी दुसऱ्यानंच फिरवायची, हे आपल्याकडं शेतीच्या योजनांत बघून झालंय.

परवा मावशीला मी मोठ्या उत्साहानं ही योजना सांगितली. खवले काढता काढता तिनं सगळं ऐकून घेतलं.

"ती पेटी पहाटं धरणावर जाणार, का हितं माझ्याजवळ ऱ्हाणार?"

मी म्हटलं, विचारून सांगतो.

"इचारा की. आणि ह्यो घेणार हाईसा का, का एक वाजायची वाट बघतायसा?"