‘सेट’चे ४६४ अर्थ : पुढे पाठवण्यापूर्वी

‘सेट या एकाच इंग्रजी शब्दाचे ४६४ अर्थ आहेत, जगात सर्वाधिक’ असा मेसेज पुन्हा फिरतो आहे. तो जुना आहे आणि अर्धवटही.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाखाली सुमारे ४३० अर्थ होते आणि तेव्हा तो खरोखरच पहिला होता. पुढे याच कोशात ‘रन’ची नोंद नव्याने लिहिली गेली. २०११मध्ये त्या क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले गेले. म्हणजे पहिला मान आता ‘रन’कडे.

मुळात हे आकडे म्हणजे ४३० वेगळे शब्दार्थ नव्हेत. सूर्य ‘सेट’ होतो तेव्हा मावळतो, जेली ‘सेट’ होते तेव्हा घट्ट होते, हाड ‘सेट’ करतात तेव्हा जागेवर बसवतात. इथपर्यंत ठीक. पण ‘सेट ऑफ’ (निघणे), ‘सेट अप’ (उभारणे) अशी जोडक्रियापदेही त्याच नोंदीत मोजलेली असतात, शिवाय कधीच वापरातून गेलेले अर्थही. छोटा कोश यातलेच कितीतरी अर्थ एकत्र करतो, म्हणून त्यात आकडा कितीतरी खाली येतो. कपबशांचा ‘सेट’ तर नाम आहे, त्याची नोंदच वेगळी. गंमत म्हणजे तो जुन्या फ्रेंचमधून आला, क्रियापद मात्र जुन्या इंग्रजीतले.

तेव्हा ४६४वाला मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर कोशाचे नाव आणि साल घालून दुरुस्ती टाका.