तापट पाण्यावर खापर

‘कोल्हापूरकर मुळातच तापट. पाणी तसं, तांबडा रस्सा तसा. म्हणून फुटबॉलला हाणामारी, म्हणून २०२३ची दंगल. रक्तातच आहे, दंडुका हाच इलाज.’ हा मेसेज मला तीन ग्रुपांवर आला. पाठवणारे तिघंही कोल्हापूरचेच, आणि खाली ‘नादच खुळा’!

रश्श्याचं आधी उरकू. तांबड्यासोबत पांढराही आपण तेवढाच ओरपतो.

आता रक्त. स्वभाव असतोच. जुळ्यांच्या अभ्यासांत आक्रमकपणातल्या फरकाचा साधारण निम्मा भाग अनुवंशाकडं जातो. पण हा फरक माणसामाणसातला. थोरला शांत नि धाकटा भडकू का, हे त्यातून थोडंफार कळेल. मे महिन्यात निवांत असलेलं शहर ७ जूनला स्टेटसवरून का पेटलं, इंटरनेट बंद का ठेवावं लागलं, हे कसं कळणार? महिन्याभरात रक्त बदलत नाही. बदलली ती हवा.

१९५४ साली अमेरिकेत, ओक्लाहोमात, मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी अकरा-बारा वर्षांची २२ मुलं शिबिराला नेली. मुद्दाम चांगल्या घरची, भांडखोर नसलेली निवडून. दोन गट पाडले, बक्षिसाच्या स्पर्धा लावल्या. थोड्याच दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळणं, खोल्यांवर धाडी सुरू. मग शिबिराचं पाणी ‘बंद पडलं’ आणि दोघांना मिळून खटपट करावी लागली. अशी कामं वाढली तसं वैर निवळलं. शेरीफ मंडळींनी काड्या घातल्या होत्या हे खरं. पण काड्या घालणारे आपल्याकडं काय कमी आहेत? शाहू स्टेडियमवर फुटबॉलला पेठेसमोर पेठ बसली की शिव्या, आणि २०१९च्या महापुरात त्याच पेठांतली पोरं पुरात अडकलेल्यांसाठी धावली. पंचगंगेनं कुणाची पेठ विचारली नाही.

राहिला दंडुका. दगड सुटल्यावर पोलीस लागतातच, वाद नाही. पण रग जिरवायची रीत या गावाला नवी नाही. शाहू महाराजांनी बांधलेलं कुस्तीचं खासबाग मैदान १९१२ पासून उभं आहे. तिथं रगेलच पोरं उतरतात, पण तोडीस तोड जोड लावून, आधी सलामी देऊन, पंचासमोर. कुस्ती सुटली की मैदानही सुटतं.

आणि महापूर ओसरून महिना झाला नव्हता तोच, त्याच २०१९ला गणपती आणि मोहरम एकत्र आले. कोल्हापुरातल्या कित्येक तालमींत एकाच छताखाली गणपतीही बसला आणि पंजाही. राबणारी पोरं तीच, तापट पाणी पिणारी.